बेल्ट का तुटतो?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, आज आपण एका जुन्या बसगाडीच्या इंजिनाकडे पाहू. तुम्ही म्हणाल, मास्तर, आम्हाला बस कुठे चालवायची आहे? खरे आहे. पण तुमच्यापैकी कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाचा ट्रॅक्टर आहे. बसमध्ये जो बेल्ट फिरतो, त्याचेच भाऊबंद तुमच्या घरी फिरत असतात.

एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली. ती बेडफर्ड गाडी होती. त्या पिढीच्या गाड्यांचे इंजिन पुढे नाकात असायचे. नाकावरचे झाकण, म्हणजे बोनेट, उघडले की समोर पंखा दिसतो. पंख्यामागे तीन चाके दिसतात. त्यांना पुली म्हणतात. खालची पुली इंजिनाची. ती फिरते म्हणून बाकीच्या फिरतात. वरची पुली पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची. बाजूची पुली डायनामोची. डायनामो वीज तयार करतो. आता नव्या गाड्यांत त्याच्या जागी अल्टरनेटर आला आहे, पण काम तेच. या तिन्ही पुल्यांवरून एकच रबरी बेल्ट फिरतो.

आता विचार करा. बेल्ट तुटला तर काय होईल? पंखा थांबेल. पंप थांबेल, म्हणजे इंजिनातले पाणी फिरायचे थांबेल. डायनामो थांबेल, म्हणजे बॅटरी भरणार नाही. इंजिन मात्र चालूच राहते! ड्रायव्हरला वाटते गाडी ठीक आहे, आणि आत पाणी उकळत असते.

आमच्या भागात एका खाजगी मालकाची अशीच जुनी बस होती. मे महिना, लग्नसराई. वऱ्हाड भरून गाडी घाट चढत होती. मीही त्यात होतो. अर्ध्या घाटात बोनेटमधून वाफ निघू लागली. ड्रायव्हरने गाडी उभी केली. क्लीनर पोरगा खाली उतरला आणि त्याने फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले. पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. नवरा मुलगा मुंडावळ्या बांधून रस्त्याकडेला बसला होता, आणि आम्ही पोराच्या हातावर गार पाणी ओतत होतो.

म्हणून हे आधी सांगतो. इंजिन तापले तर झाकणाला हात लावायचा नाही. इंजिन बंद करून ते निवेपर्यंत थांबायचे, अर्धा तास लागला तरी चालेल. निवाल्यावर पाणी थोडे थोडे घालायचे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर बिडाला तडा जातो, आणि मग पुढचा खर्च विचारू नका.

त्या बसचा बेल्ट तुटला होता. आणि तो पहिला नव्हता. महिन्याभरातला तिसरा होता! मालक म्हणायचा, दुकानदार माल खोटा देतो. ड्रायव्हर म्हणायचा, क्लीनर बेल्ट सैल ठेवतो. क्लीनर बिचारा दर वेळी अधिक घट्ट आवळायचा. पुल्यांकडे मात्र कुणी पाहिले नव्हते.

गावातून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी आधी नवा बेल्ट मागितला नाही. तुटलेला बेल्ट मागितला. तो उलटा करून त्यांनी दोन्ही कडा पाहिल्या. एक कड गुळगुळीत, चांगली होती. दुसरी कड कुरतडल्यासारखी झाली होती, आतले दोरे बाहेर आले होते. ते म्हणाले, "एकाच अंगाने खाल्लाय. म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत." मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. खालच्या पुलीच्या तोंडावर ती ताणून धरली आणि दुसरे टोक डायनामोच्या पुलीपर्यंत नेले. डायनामोच्या पुलीच्या एका कडेला सुतळी टेकली, दुसऱ्या कडेला बोटभर फट राहिली. डायनामो तिरका बसला होता. ज्या बोल्टावर तो टांगलेला असतो, त्याचे भोक झिजून लांबट झाले होते. बेल्ट जितका आवळावा तितका डायनामो अधिक तिरका होई. म्हणजे पोरगा मेहनत करून रोग वाढवत होता.

हा बेल्ट गिरणीच्या जुन्या पट्ट्यासारखा सपाट नसतो. वर रुंद, खाली अरुंद असतो. सुतार पाचर ठोकतो ना, तसा तो पुलीच्या खाचेत रुततो. त्याची पकड दोन्ही कडांनी असते, बुडाने नव्हे. बेल्टचे बूड पुलीला टेकता कामा नये. टेकले, तर खाच झिजली आहे किंवा बेल्ट झिजून बारीक झाला आहे. खाचेचे बूड आरशासारखे चकाकत असेल तर समजा की बेल्ट तिथे घसरतो आहे. अशा पुलीवर कितीही नवे बेल्ट घाला, पैसे वायाच जाणार.

बेल्ट घसरला की किंचाळतो, विशेषतः सकाळी गाडी सुरू करताना. काही जण त्यावर साबण घासतात, काही राळ टाकतात. मला हे पसंत नाही. आवाज थोडा वेळ बंद होतो, कारण तसेच राहते. तेल किंवा ग्रीस लागले असेल तर रबर फुगते आणि मऊ पडते. अशा वेळी तेल कुठून गळते ते शोधावे.

ताण किती असावा? पुल्यांमध्ये हातभर अंतर असेल तर बेल्टच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तर सैल. दबतच नसेल तर फार घट्ट, आणि मग पंपाचे आणि डायनामोचे बेअरिंग लवकर जाते. बेअरिंग तपासायचे असेल तर बेल्ट काढून पुली हाताने हलवून पाहा. खडखडली, डुगडुगली, तर दोष तिथे आहे.

नवा बेल्ट चढवताना डायनामोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलावा. बेल्ट सहज बसतो. पुष्कळजण आळस करतात आणि पहारीने किंवा पेचकसाने बेल्ट पुलीवर रेटतात. त्याने आतले दोरे तुटतात आणि पत्र्याच्या पुलीची कड वाकते. नवा बेल्ट थोडा ताणतो, म्हणून दोन-चार दिवसांनी ताण पुन्हा पाहावा.

हे सगळे इंजिन बंद असताना, आणि किल्ली आपल्या खिशात असताना! धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, गळ्यातला गमछा बेल्टमध्ये अडकायला क्षण लागत नाही. गिरणीत दळण घेऊन जाणाऱ्या बायांनी तर पदर कमरेला खोचूनच उभे राहावे. आणि गिरणीवाल्यांनो, बेल्टवर जाळी बसवा. तिचा खर्च बोटापेक्षा कमी आहे.

आता वाचनाची गोष्ट. गिरणीच्या किंवा पंपाच्या बेल्टच्या पाठीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा छापलेला असतो. समजा, 'बी ५२' असे आहे. 'बी' म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी. 'ए' त्याहून अरुंद, सुमारे अर्धा इंच. ५२ म्हणजे आतल्या बाजूने लांबी ५२ इंच. दुकानदार 'ए' बेल्ट देऊन "चालतो हो" म्हणाला, तर घेऊ नका. तो खाचेत खोल जाईल आणि बूड टेकेल. गाडीच्या बेल्टवरचे आकडे निराळे असतात, म्हणून जुना बेल्ट बरोबर न्यावा आणि लांबीबरोबर रुंदीही ताडून पाहावी.

इथे टेबलावर मी तीन जुने बेल्ट ठेवले आहेत. एक कडेने खाल्लेला, एक तेलाने फुगलेला, एक आवळून आवळून चिरलेला. पुढे या, हातात घेऊन पाहा, आणि कोणता कोणता ते मला सांगा.