नको असलेला कायदा टिकतो कसा?



लोकशाहीत लोकांचं चालतं म्हणतात. मग लोकांना नको असलेले कायदे वर्षानुवर्षे टिकतात कसे? उत्तर शोधायला आपण एकच उदाहरण घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ए.

डिसेंबर २००८ मध्ये संसदेने ते चर्चेविनाच मंजूर केलं. इंटरनेटवरचा मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ ठरला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्याच नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला. तरी कलम जागचं हललं नाही.

का? एक तर मत एकच असतं आणि प्रश्न पन्नास. पाणी, रस्ता, महागाई, जात, उमेदवार, सगळं आपण एकाच बटणात दाबतो. ६६-ए मुळे कुणाची आमदारकी किंवा खासदारकी जाणार नव्हती.

दुसरं, झळ बसते ती थोड्यांना आणि तेही विखुरलेले. ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो, तो वकिलामागे धावतो. बाकीचे दोन दिवस चिडतात आणि कामाला लागतात.

तिसरं, हाती आलेला अधिकार कुणी सोडत नाही. विरोधात असताना या कलमावर टीका करणाऱ्या पक्षाचं सरकार आलं, आणि त्याच सरकारने न्यायालयात कलमाचा बचाव केला.

अखेर २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले. २०२१ मध्ये हे समोर आलं, तेव्हा न्यायालयालाही धक्का बसला. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम तसंच होतं, रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात याला डिफॉल्ट म्हणतात. कुणी बदललं नाही, तर सेटिंग आहे तशी राहते. कायदा टिकायला लोकांचा पाठिंबा लागतोच असं नाही, लोकांचा कंटाळाही पुरतो.

टाडाचं डिफॉल्ट उलटं होतं. त्याला मुदत होती, ती संसदेत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागे. गैरवापराविरुद्ध आवाज वाढला आणि मे १९९५ मध्ये मुदत वाढवली गेली नाही. जुने खटले चालू राहिले, पण कायदा संपला. यूएपीएला अशी मुदत नाही. म्हणून तो हटवायचा भार सरकारवर नाही, आपल्यावर आहे.

तेव्हा दोन कामं सांगतो. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांना विचारा, मार्च २०१५ नंतर ६६-ए खाली किती गुन्हे नोंदवले आणि त्यांचं पुढे काय झालं? आणि खासदारकीसाठी मत मागायला येईल त्याला विचारा, कठोर कायद्यांना मुदत घालण्याची मागणी संसदेत कराल का? एकाने विचारलं तर तो हसून पुढे जाईल. मोहल्ल्यातल्या पन्नास जणांनी दर वेळी विचारलं, तर त्याला उत्तर तयार ठेवावं लागेल.