पोलादी पुंगळीचे काडतूस आणि रायफलची झीज

(जैनथ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पैनगंगेच्या या काठावर बंदूक ही वस्तू अगदीच अनोळखी नाही. पिकात शिरणारी जनावरे हुसकावण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आपल्या परिचयाची आहेत. पोलिसांत वा सैन्यात गेलेली मुले सुट्टीवर येतात, तेव्हा चावडीवर हत्यारांच्या गोष्टी निघतात, आणि त्यांतच एक प्रश्न हटकून विचारला जातो : पोलादी पुंगळीची काडतुसे वापरल्याने रायफल लवकर झिजते काय? प्रश्न क्षुल्लक नव्हे. रायफल जनतेच्या पैशातून येते, आणि ऐन वेळी तिची पुंगळी अडकली तर जवानाच्या जिवाशीच गाठ असते.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे भाग चार : बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी, आणि या सर्वांना धरून ठेवणारी पुंगळी. घोडा ओढल्यावर नळीतून बाहेर धावते ती केवळ गोळी. पुंगळी मागच्या खोलीतच राहते आणि 'एक्स्ट्रॅक्टर' नावाची आकडी तिला ओढून बाहेर काढते. म्हणजे नळीच्या ज्या पिळांवर नेम अवलंबून असतो, त्या पिळांना पुंगळीचा स्पर्शही होत नाही. लोकांच्या बोलण्यात नेमकी हीच गोष्ट निसटते.

पुंगळी परंपरेने पितळेची करतात; सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. बार उडताच पितळ फुगते, खोलीच्या भिंतीला घट्ट बसून वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात पुन्हा आकसून सैल होते. हा गुण पोलादात कमी. परंतु तांबे महाग व युद्धकाळात दुर्मिळ. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आणि पुढे सोव्हिएत रशियाने पोलादी पुंगळ्या प्रचंड प्रमाणावर काढल्या. गंज चढू नये म्हणून त्यांवर लाखेसारख्या रोगणाचा किंवा अन्य धातूचा थर देतात. कलाश्निकोव्ह रायफलीचे काडतूस चांगलेच निमुळते ठेवलेले आहे. पाचर जराशी हलली की सुटते, सरळ खुंटी मात्र घासत निघते, हे कोणाही सुताराला ठाऊक आहे. त्याच न्यायाने त्या रायफलीतून पोलादी पुंगळी विनासायास निघते. सरळ बांध्याच्या काडतुसांत ती अडकण्याचा संभव अधिक, आणि खोलीत काजळीही अधिक साचते.

आता झिजेकडे वळू. "पोलादावर पोलाद घासले की झीज होणारच," असे म्हणतात. वरवर पाहता हे पटते. पण पुंगळीचे पोलाद मऊ असते. रायफलची खोली आणि आकडी पाणी दिलेल्या कठीण पोलादाची असते. आकडीवर थोडा जास्त ताण येतो हे खरे, तथापि आकडी हा स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आहे. शिवाय कठीण-मऊ एवढ्यावरच झीज ठरत नाही. जुन्या विहिरीच्या काठावरील दगडाला दोराने पडलेल्या खाचा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. दोर दगडाहून किती मऊ! काय घासते, किती वेळा घासते आणि मध्ये कोणता कचरा सापडतो, यावर झीज ठरते.

मग पोलादी काडतुसांची बदनामी निराधार आहे काय? तसेही नाही. या स्वस्त काडतुसांत बहुधा गोळीचे वेष्टनही तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या मऊ पोलादाचे असते, आणि ही गोळी मात्र नळीच्या पिळांवरूनच घासत जाते. अमेरिकेतील एका काडतूस-विक्रेत्याने २०१३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. एकाच बनावटीच्या चार रायफली घेऊन प्रत्येकीतून १०,००० बार काढण्याचे योजले. एकीत पितळी, बाकीच्यांत पोलादी काडतुसे. पितळी काडतुसांची नळी अखेरपर्यंत कामाची राहिली. पोलादी काडतुसांच्या दोन रायफलींच्या नळ्या मात्र निम्मा पल्ला ओलांडल्यावर निकामी झाल्या. दोष पुंगळीचा नव्हे, गोळीच्या वेष्टनाचा आणि जलद गोळीबाराने तापलेल्या नळीचा. गंमत अशी की, वाचलेल्या पैशांत नवी नळी घेऊनही शिल्लक उरते, असा हिशेबही त्यांनी मांडला. नेमबाजाच्या छंदाला तो हिशेब ठीक आहे; गस्तीवरच्या जवानाला नळी बदलायला दुकान कोठे सापडणार?

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री, नंतरची ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. आणि ५.५६ मिलिमीटरची इन्सास, या तिन्ही रायफलींची काडतुसे पितळी पुंगळीची. १८६९ साली सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना यांचा या कामात मोठा वाटा आहे. चांदमारीनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात, त्यामागे हिशेबाची शिस्त जशी आहे तशी पितळेची किंमतही आहे.

माझ्या मते पुंगळीहून मोठा शत्रू दुसराच आहे. जुन्या पद्धतीच्या टोपीतील रसायन जळाल्यावर नळीत मिठासारखा क्षार राहतो आणि तो हवेतील ओल ओढून घेतो. आपल्या आदिलाबादच्या पावसाळ्यात एका रात्रीतही तांबूस डाग दिसू लागतात. नुसत्या तेलाने हा क्षार जात नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणूनच थ्री-नॉट-थ्रीच्या काळी सैनिक नळीत उकळते पाणी ओतीत, मग चिंधीने कोरडी करून तेल देत.

ठासणीच्या बंदुकीला तर पुंगळीच नसते आणि शिसे मऊ असते, तेव्हा तिची नळी घासून झिजण्याचे भय फारसे नाही. तिला खाते ती काळ्या दारूची राख. ती राखही ओल धरते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि नंतरच तेलाचा हात फिरवावा.