लाइट का गेली, हे विचारायचं कुणाला?



१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? मुंबईकरांना आठवत असेल. सोमवार, सकाळचे दहा वाजून गेलेले आणि अख्ख्या शहराची लाइट गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऐन कोविडमध्ये रुग्णालयं जनरेटरवर गेली, ऑनलाइन परीक्षा बोंबलल्या. गावाकडच्या मित्रांचे मेसेज आले होते, "या आमच्यात!" चुकीचं नव्हतं हो ते.

खरी गंमत पुढे झाली. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेत घुसखोरीचा प्रयत्न केलाय, असं त्यात होतं. मात्र मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंही त्यातच म्हटलं होतं. मग राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, नाही, मानवी चूक होती. आणि आपण? आपण आपापल्या आवडीच्या पक्षाप्रमाणे उत्तर निवडलं आणि मोकळे झालो.

असं खरंच होऊ शकतं का? होऊ शकतं. २३ डिसेंबर २०१५, युक्रेन. तिथल्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला आणि एकेक सबस्टेशन बंद होत गेलं. तीन कंपन्या, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक. सुरुवात कशाने झाली होती? ईमेलला जोडलेल्या एका फाइलने. शेवटी माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हाताने स्विच चालू केले.

आता आपला कायदा. आयटी कायदा, कलम ७०. सरकार एखादी संगणक यंत्रणा 'संरक्षित' म्हणून जाहीर करू शकतं आणि तिच्यात घुसणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे झालं चोरासाठी. आणि चोर परदेशात बसलेला असेल तर त्याला पकडून आणणार कोण? घराच्या मालकाने कडी नीट लावली होती की नाही, हे कोण बघणार?

त्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे मुंबईच्या अंधारानंतर तब्बल एक वर्षाने. त्यातल्या गोष्टी चांगल्या आहेत. वीज प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा इंटरनेटपासून पूर्ण तोडलेली हवी. इंटरनेट लागणारच असेल तर तो संगणक वेगळ्या खोलीत, सायबर सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. आपण कॉलेजात पेनड्राइव्ह जसा या मशीनमधून त्या मशीनमध्ये खुपसायचो ना, ते इथे चालणार नाही! २०२३ च्या ग्रिड संहितेतही सायबर सुरक्षेचं वेगळं प्रकरण आहे.

आता दंडाचं ऐका. वीज कायदा २००३, कलम १४२. नियम मोडला तर जास्तीत जास्त एक लाख रुपये आणि मोडतच राहिलात तर रोजचे सहा हजारांपर्यंत. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला हे चहापाण्याचे पैसे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवावं लागतं. उत्तम. म्हणजे सहा तासांत सरकारला कळणार. आपल्याला? नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सर्ट-इन'ला माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळलंय. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन, एवढेच अपवाद.

मान्य आहे, कुठली कडी सैल आहे हे जगाला ओरडून सांगायचं नसतं. मीही सांगू नका असंच म्हणेन. पण दुरुस्ती झाल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, "लाइट या कारणाने गेली होती, दोष अमक्या यंत्रणेचा होता" एवढं एक पान तरी? ते नसलं की दोन मंत्र्यांची दोन उत्तरं उरतात.

आणि आता तर मामला दारापर्यंत आलाय. स्मार्ट मीटर लांबूनच बंद करता येतो, ती सोय त्याच्या आतच असते. बिल थकलं तर कंपनी ती वापरणार. दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर?

एक करता येतं. वीजदर ठरवताना आपला राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि त्यात साधा ग्राहकही लेखी हरकत देऊ शकतो. आत्तापर्यंत आपण तिथे फक्त "दर वाढवू नका" एवढंच म्हणत आलोय. पुढच्या वेळी त्यात एक ओळ घाला: सायबर सुरक्षेवर किती खर्च केला आणि ऑडिट शेवटचं कधी झालं? मी तरी घालणार आहे. काय उत्तर येतं ते इथेच सांगेन.

भेटूया पुढच्या भागात!