समुद्राची आगाऊ वर्दी

मंडळी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. तरी मोठ्या लाटा येतात कुठून? दूर दक्षिणेच्या समुद्रात वादळ होते. तिथल्या लाटा हजारो मैल चालून काही दिवसांनी आपल्या कोकण किनाऱ्यावर येतात.

समुद्रात बोये नांगरून ठेवलेले असतात. बोया लाटेबरोबर वरखाली होतो. लाट किती उंच, दोन लाटांत किती सेकंद, हे तो कळवतो. ही माहिती आणि वाऱ्याचे नकाशे यांवरून हैदराबादची सरकारी 'इन्कॉइस' संस्था रोज अंदाज देते.

दोन लाटांत १५ सेकंद किंवा जास्त असतील, तर ती लांबून आलेली दांडगी लाट समजा. खोल पाण्यात ती साधी दिसते. किनाऱ्याशी उसळते, होडी उलटवते.

आभाळ बघायची जुनी रीत सोडू नका. पण आता वाचता येते ना? मग होडी लोटण्याआधी हे दोन आकडेही वाचा.