बायोडाटात तुमचे काम दिसू द्या
(समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेल्या तरुण-तरुणींसमोर बेंगळुरू येथे केलेले भाषण)



आम्ही रेल्वे युनियनची माणसे, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तुम्ही एम.एस.डब्ल्यू. झालेले. तुम्हाला बायोडाटा कसा लिहावा हे आम्ही काय सांगणार, असे कुणाला वाटेल. पण मृत कामगाराची पत्नी फॅमिली पेन्शन आणि अनुकंपा नेमणुकीचे कागद घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहते, तेव्हा खुर्चीत कसा वेल्फेअर इन्स्पेक्टर बसला आहे यावर तिचे पुढचे दिवस अवलंबून असतात. त्या खुर्चीत लायक माणूस पोचावा, ही आमचीही गरज आहे.

कल्याण अधिकारी म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. 1948 च्या कारखाना कायद्यातील कलम 49 ने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात हे पद सक्तीचे केले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत ही संख्या 250 वर आणली आहे. जागा कायद्याने आहे. तिथे पोचायचे तर कागद भक्कम हवा.

बहुतेकांच्या बायोडाटाची सुरुवात ‘समाजसेवेची तळमळ’ अशा शब्दांनी होते. तळमळ सर्वांनाच आहे. वाचणाऱ्याला हवे असते ते काम. ‘रुग्णालयात फील्डवर्क केले’ एवढ्याने भागत नाही. आठवड्यातून किती दिवस, किती महिने, किती कुटुंबांना भेटी दिल्या, अहवाल कोणी लिहिले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, ते लिहा. नवीन उमेदवाराचा अनुभव म्हणजे फील्डवर्कच. ते शेवटच्या ओळीत ढकलू नका.

एकच कागद सगळीकडे पाठवू नका. निमहान्ससारख्या संस्थेत मानसिक रुग्णांच्या कुटुंबांबरोबर केलेले काम आधी यावे. कारखान्यात कामगार कायद्यांचे ज्ञान आधी यावे. रेल्वेत मात्र भरती बोर्डाच्या जाहिरातीतील पात्रता शब्दशः वाचून अर्ज भरावा लागतो. भाषाही नीट लिहा. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी यांपैकी कोणती बोलता येते आणि कोणती लिहिता-वाचताही येते, ते वेगवेगळे दाखवा. या शहरात ती मोठी पुंजी आहे.

शिकताना शिकवण्या घेतल्या असतील, दुकानात हिशेब लिहिला असेल, तर ते लपवू नका. श्रमाची लाज कसली? पण न केलेले काम लिहू नका. मुलाखतीत दोन-चार प्रश्नांतच ते उघडे पडते.

आणखी एक. ज्यांच्यासाठी काम केले त्यांची नावे, आजार, छायाचित्रे बायोडाटात घालू नका. स्टेशनवर सापडलेल्या मुलांसारख्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. कुणाच्या दुःखावर आपली नोकरी उभी करू नये.

दोन पानांत आटोपा. ज्यांची नावे संदर्भासाठी देता, त्यांना आधी विचारा. आणि नोकरी मिळाली की नेमणूकपत्र लेखी घ्या. वर सांगितलेल्या 2020 च्या संहितेनेच ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी बसणाऱ्याने स्वतःचा हक्क तोंडी आश्वासनावर सोडून कसे चालेल?

तुम्ही त्या खुर्चीत बसाल तेव्हा आमची माणसे दारात येतीलच. त्यांना आधी बसायला सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो!