रजेच्या अर्जावरचे कारण

या अधिवेशनाला साखर कारखान्यांतून, अहिल्यानगर आणि सुप्याच्या एमआयडीसीतून, एसटीच्या आगारांतून, शिक्षणसंस्थांच्या आस्थापना विभागांतून आलेले माझे सहकारी,

आपण सगळी कागद लिहिणारी माणसे आहोत. हजेरीपट, रजेचा अर्ज, कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, गोपनीय अहवाल, सारे आपल्याच टेबलावरून जाते. नैराश्याने आजारी असलेल्या कर्मचाऱ्यावरचा अन्यायही बहुतेक वेळा याच टेबलावर घडतो, म्हणून आज त्याबद्दलच बोलणार आहे.

या आजाराची लक्षणे डॉक्टरांकडून ऐका. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. सकाळ फार जड जाते. हालचाल मंदावते, कामात चित्त लागत नाही, माणसांत मिसळणे नकोसे होते, चिडचिड वाढते. आता आपली नोटीस वाचा. पहिल्या पाळीला वारंवार उशिरा येतो. कामात हलगर्जीपणा करतो. वरिष्ठांना उद्धट उत्तरे देतो. न कळवता गैरहजर राहतो. माणूस दवाखान्याची पायरी चढण्याआधीच त्याचा आजार गैरवर्तन म्हणून फायलीत नोंदला गेलेला असतो.

मग तो सांगत का नाही? एका कारखान्यातला फिटर मला आठवतो. गळीत हंगाम ऐन भरात असताना तो येईनासा झाला. अर्जावर कारण होते मणक्याचा त्रास. मी घरी गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने गोळ्यांचे पाकीट पुढे ठेवले. औषध पुण्याहून आणत होते, कारण इथे दवाखान्यात कुणी ओळखीचे भेटले असते. ती म्हणाली, "साहेब, मणका लिहिला तर लोक भेटायला येतात. हे लिहिलं तर पोरीच्या सोयरिकीला अडचण." तरी बातमी फुटलीच. वैद्यकीय बिलाला जोडलेली डॉक्टरांची चिठ्ठी मंजुरीसाठी टेबलाटेबलांवर फिरली. तो कामावर परतला तेव्हा पगार तोच होता, हुद्दा तोच होता; पण मिल हाऊसमधून उचलून त्याला भांडारात बसवले, ओव्हरटाइमच्या यादीतून त्याचे नाव गेले आणि चहाला हाक मारणारे थांबले. यातला एकही आदेश लेखी नव्हता. तक्रार कशाची करणार? हंगामी कामगाराचे तर त्याहून वाईट. पुढच्या हंगामाला त्याला बोलावणेच येत नाही.

हा एखाद्याच कामगाराचा प्रश्न नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठल्याचे दिसले, आणि आजारी असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास माणसांना उपचारच मिळत नव्हते. २०२५ पर्यंत कारखाना कायद्याप्रमाणे ५०० कामगार असले की कल्याण अधिकारी नेमावा लागे. एवढ्या ५०० जणांच्या पटावर अशी साधारण पंचवीस माणसे असतात. आपल्याला त्यांतली किती ठाऊक आहेत?

कायद्याने या बाबतीत दोन्ही दिशांना पावले टाकली आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने दीर्घ आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळली, त्यामुळे कपातीची भरपाईही हुकली. उलट, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निकाल आपण प्रत्येकाने वाचायलाच हवा. मानसिक अपंगत्वामुळे माणूस कामाच्या ठिकाणचे नियम पाळण्यात इतरांपेक्षा कमी पडू शकतो, म्हणून अशा वर्तनासाठी त्याच्यावर केलेली शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. वर्तनामागे अपंगत्व हेच एकमेव कारण होते, असे सिद्ध करण्याचीही गरज ठेवली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे विसावे कलम सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढायला किंवा पदावनत करायला मनाई करते. पण ते सरकारी आस्थापनांपुरते आहे. शिवाय बहुतेक रुग्णांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसते, आणि ते मिळवायचे तर ज्याची भीती वाटते तेच आधी जाहीर करावे लागते. म्हणून निव्वळ कायद्यावर विसंबून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

उत्पादन आणि सुरक्षिततेचे काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. झोप आणणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्या चालकाला रात्रीच्या गाडीवर पाठवू नये, हे मलाही मान्य आहे. पण तो बदल त्याच्याशी बोलून करावा, मुदतीचा असावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मागे घेतला जावा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या चौकशा मात्र तेवढ्याच आठवड्यांत माणसाला बाहेर काढून मोकळ्या होतात.

कलंक हटत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातले जामखेड पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी कुष्ठरुग्णांना वेगळे वसवले नाही. त्यांच्यावर इतर रुग्णांसोबतच उपचार केले. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, बाया आरोग्यसेविका झाल्या आणि घराघरांत जाऊन बोलल्या. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातला एक धडा फार मोलाचा वाटतो: आजाराची रांग वेगळी केली नाही.

आपल्या टेबलावर हेच करता येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मग वैद्यकीय बिलावरचे निदान बंद पाकिटात एकाच अधिकाऱ्याकडे जावे. रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय कारण' एवढेच पुरे व्हावे, मग आजार मणक्याचा असो वा मनाचा. गैरहजेरीची नोटीस काढण्याआधी कल्याण अधिकाऱ्याने एकदा घरी जाऊन यावे, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पगाराच्या पावतीवर छापावा. दुपारच्या सत्रात हे सारे ठराव म्हणून मी मांडणार आहे. पण ठरावाची वाट न पाहता एक करा. गैरहजेरीची जी दोषारोपपत्रे सध्या आपल्या कपाटात आहेत, ती सोमवारी बाहेर काढा आणि चौकशीची तारीख लावण्याआधी त्या माणसाला समोर बसवून विचारा, की रात्री झोप लागते का.