बाशिंग ओळखा, त्याची जागा लिहून ठेवा

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात तरुण गटाने केलेलं भाषण)



आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलो. पुस्तकात नेचे वाचलं, वहीत आकृती काढली, मार्क मिळवले. पण दाव्याची जागा बघायला साहेब आले आणि जुन्या आंब्याकडे बोट करून म्हणाले, "हे तर बांडगूळ, यात औषध कसलं?" तेव्हा आम्ही गप्प. उत्तर दिलं एका म्हातारीने, "बांडगूळ नाय साहेब, बाशिंग हाय."

मग आम्ही तिच्याकडूनच शिकलो. ते सांगतो.

बांडगूळ झाडाचा रस पितं. बाशिंग पीत नाही, नुसतं सालीला धरून बसतं. त्याला पानं दोन तऱ्हेची. एक आखूड, बिनदेठाची. ती वाळून तपकिरी होतात, पण जागेवरच राहतात. त्यांच्या आत पालापाचोळा साठतो, कुजतो, तेच त्याचं खत. दुसरी लांब, हिरवी, मधल्या शिरेपर्यंत कातरलेली. हिरवं पान उलटं करा, बारीक ठिपके दिसतील. फूल नाही, फळ नाही, त्या ठिपक्यांतल्या भुकटीतून नवं रोप होतं. खोड जाड, तपकिरी लव असलेलं, आडवं सरपटतं. उन्हाळ्यात हिरवी पानं झडतात, म्हणून मेलं समजू नका. पावसात परत फुटतं.

राहतं कुठे? जुन्या, खडबडीत सालीच्या झाडावर, नाहीतर सावलीतल्या खडकावर. जुनं झाड तोडलं की त्याचं घर गेलं.

आता कायद्याचं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये वैदूंची औषधी वनस्पती गोळा करायची जागा हा सामूहिक हक्काचा पुरावा धरलाय. जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. पण नुसतं झाड दाखवून भागत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणून प्रत्येक पाड्यातल्या पोरांनी जाणत्या माणसाबरोबर रानात फिरा. कोणतं झाड, कोणत्या ओहोळाच्या कडेला, कोण किती वर्षं तिथून आणतं, हे लिहा. अंगठा घ्या, नकाशावर खूण करा, ग्रामसभेत वाचून दाखवा.

एक मात्र सांभाळा. औषध कशावर आणि किती द्यायचं, हे आम्ही इथे छापत नाही. ते ज्ञान गावाचं. कागदावर जागा लिहा, औषध नको.

जाणती माणसं आहेत तोवर हे काम उरका. पुढच्या वेळी साहेबांना उत्तर आपण पोरांनी द्यायचं.

जोहार! जिंदाबाद!